फुफ्फुसातली गाठ श्वासाबरोबर हलते, मग शेक नेमका कसा देतात?

उद्यमनगरकर
आमच्या आण्णांना (वय ७१) उजव्या फुफ्फुसात अगदी खाली, दोन सेंटीमीटरची गाठ आहे. ऑपरेशन झेपणार नाही, म्हणून पाच वेळा जोरदार शेक (रेडिएशन) द्यायचं ठरलंय. काल त्यासाठी फोर-डी सीटी (श्वासाबरोबरची हालचाल टिपणारा स्कॅन) होता. पोटावर प्लॅस्टिकची छोटी डबी ठेवली, त्यावर चकाकणारे ठिपके, समोर कॅमेरा. स्पीकरवरून आवाज आला, "आजोबा, नेहमीसारखा श्वास घ्या."

आण्णा तरुणपणी तालमीत घुमलेले, नंतर फौंड्रीत मोल्डर. श्वास म्हटल्यावर गड्यानं छातीच फुगवली. दोन मिनिटांत खोकला. स्क्रीनवरची रेषा म्हणजे जोतिबाच्या घाटाचा रस्ता! स्कॅन रद्द, परत गुरुवारी बोलवलंय.

तिथली गाठ सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सहज हलते म्हणे. मग घेर जरा मोठा धरून शेक दिला तर काय बिघडतं? आणि ऐन वेळी खोकला आला तर?

किरणवाला
रेडिएशन फिजिक्समध्ये काम करतो. स्कॅन रद्द केला ते बरंच झालं.

दोन सेंटीमीटरच्या गोळ्याला चहूबाजूंनी एक सेंटीमीटर वाढवलं की व्यास चार होतो, पण घनफळ आठपट. वाढलं ते सगळं चांगलं फुफ्फुस, आणि तुमच्याकडे एकेका वेळचा डोस मोठा. म्हणून ही सगळी खटपट.

फोर-डी सीटीत चित्रं श्वासाच्या टप्प्यांप्रमाणे, बहुधा दहा, वेगळी काढतात. श्वास वेडावाकडा असला की चित्रं चुकीच्या टप्प्यात जातात आणि गाठ तुटकी किंवा दुहेरी दिसते. त्यावर प्लॅन करायचा म्हणजे पाया कच्चा.

पुढे काही ठिकाणी गाठीची पूर्ण वाट धरून शेक देतात, काही ठिकाणी पोटावर पट्टा दाबून छाती आणि पोटामधल्या पडद्याची हालचाल कमी करतात. गेटिंग असेल तर किरण फक्त ठरलेल्या टप्प्यात सुरू राहतात, बहुतेकदा श्वास सोडून झाल्यावर, कारण गाठ तिथं जास्त वेळ थांबते आणि दर वेळी जवळजवळ त्याच जागी येते. खोकला आला, डबी हद्दीबाहेर गेली, की किरण आपोआप बंद. वेळ लागतो, एवढंच.

मात्र डबी सांगते ती पोटाची हालचाल. आतली गाठ जागेवर आहे का, हे शेकाआधी टेबलावरच स्कॅन घेऊन बघतात.

राजारामपुरीची ताई
माझा शेक डाव्या स्तनाचा होता. मला वीसेक सेकंद श्वास रोखून धरायला लावायचे, हृदय किरणांपासून लांब राहावं म्हणून. दादा, आण्णांना ते शिकवू नका, त्यांचं वेगळं आहे. हात डोक्यावर घेऊन सतरंजीवर पंधरा मिनिटं निवांत पडायची सवय लावा. मला श्वासापेक्षा खांद्यानं जास्त छळलं. पैलवानाचे खांदे, म्हणजे दुखणं असणारच. तसं असेल तर आधीच सांगा, हाताखाली आधार देतात.

उद्यमनगरकर
उजवा खांदा निखळलेला होता खरा, सांगतो गुरुवारी. रात्री आण्णांना म्हटलं, "साच्यात कोअर (आतला वाळूचा गाभा) सरकला की जॉब रिजेक्ट. तुमची गाठ म्हणजे तो कोअर." लगेच पटलं. वर मलाच म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हवं का! मला वाटलं छाती मोजायलाच न्हेलंय."