मदत हवी आहे: भरपाईच्या कागदावर आईने सही करावी का?

दीड महिन्यापूर्वी रस्ता ओलांडताना आईला गाडीची धडक बसली. उजवं मनगट मोडलं, आत प्लेट आणि स्क्रू बसवले. अजून तिला ब्लाउजचं हूकही लावता येत नाही.

गाडीवाल्याच्या विमा कंपनीचा माणूस सारखा फोन करतोय. एकरकमी पैसे घ्या आणि सही करा म्हणतो. कागदावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, पुढे कदाचित प्लेट काढावी लागेल. आज सही केली तर तो खर्च आमच्याच गळ्यात पडणार ना? उपचार संपेपर्यंत थांबावं असं मला वाटतं, पण दाव्याची मुदत उलटून गेली तर काय?

त्याला फोनवर आईचा जबाब रेकॉर्ड करायचाय. वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नये, बरोबर ना? ती घाईत होती, त्यामुळे थोडी चूक तिच्यावर आली तर भरपाई कमी होते की दावाच बुडतो?

बिलं, एक्स-रे, फोटो जपून ठेवलेत. ती शिवणकाम करते, पगाराची पावती नसते. बुडालेली कमाई कशी दाखवायची? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा, परवा त्याला उत्तर द्यायचंय.