रेन लिलीला पानं भरपूर, फुलं नाहीत. काय चुकतंय?

गॅलरीतली बाग:
पुण्यात पश्चिमेची गॅलरी, ऊन दुपारी १ ते ६. रेन लिलीच्या तीन कुंड्या आहेत, तिन्ही ८ इंची प्लॅस्टिकच्या, खाली ताटल्या. एकीत पांढरी, दोन कुंड्यांत गुलाबी. लावून दोन वर्षं झाली. मिश्रण निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत. पाणी रोज, दर पंधरा दिवसांनी शेणाची स्लरी. पानं दाट आणि हिरवीगार, पण मागच्या पावसाळ्यात गुलाबीला दोन्ही कुंड्या मिळून सात फुलं आली, पांढरीला चार. ऑगस्टमध्ये गुलाबीच्या एका कुंडीतले निम्मे कंद मऊ पडून सडले. आता मे सुरू झालाय. पावसाआधी कंद काढून पुन्हा लावू की तसेच राहू देऊ? आणि पानं कापावीत का?

मृगबहार:
संत्र्याचा, डाळिंबाचा बहार धरताना बागेचं पाणी तोडतात, ताण देतात. गुलाबी रेन लिलीलाही तोच ताण लागतो. कोरड्या दिवसांत कंद थांबून राहतो आणि वळवाचा पहिला जोरदार पाऊस मुरला की चार ते आठ दिवसांत दांडे वर येतात. तुमच्या कुंडीला वर्षभर रोज पाणी आणि वरून स्लरीतलं नत्र मिळतंय. मग कंद पानं काढतो, पिल्लं घालतो, फुलायचं कारणच त्याला मिळत नाही.

आधी गुलाबी कोणती ते पाहा. फूल जेमतेम ३ सेंमी आणि पान बारीक असेल तर ती रोझिया जात. फूल ६-७ सेंमी आणि पान चपटं, जवळपास बोटाच्या नखाएवढं रुंद असेल तर कॅरिनाटा. नर्सरीत हिलाच ग्रँडिफ्लोरा म्हणतात. ताण दोघींनाही चालतो.

सडलेली कुंडी आजच उपसा. चांगला कंद दाबल्यावर टणक लागतो. मऊ, पिवळट, वास येणारे कंद टाकून द्या, कंपोस्टमध्येही नकोत. चांगल्या कंदांची सुटी झालेली तपकिरी सालं काढा, मुळं असू द्या. १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) घालून कंद १५ मिनिटं बुडवा आणि सावलीत तीन-चार दिवस वाळवा. रसायन नको असेल तर हे सोडा, लावताना कुंडीमागे एक चमचा ट्रायकोडर्मा (सड रोखणारी मित्रबुरशी) गांडूळखतात कालवून घाला. दोन्ही एकत्र करू नका, कार्बेन्डाझिमने ट्रायकोडर्मा मरतो.

मिश्रण बदलायलाच हवं. कोकोपीट आणि गांडूळखत दोन्ही पाणी धरून ठेवतात, आणि जुलैत ऊन नसताना ती कुंडी आठ-आठ दिवस सुकत नाही. सड तिथूनच सुरू झाली. दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू किंवा विटेचा भरड चुरा, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत. शेतातली काळी माती घेऊ नका, ती पावसात चिकट होते आणि ताणात भेगाळून मुळं तोडते. कंदाची मान मातीच्या पातळीला यावी इतपत खोल लावा, म्हणजे लहान कंदावर २-३ सेंमी माती येते. ८ इंची कुंडीत १० ते १२ कंद. दाटी हिला मानवते, म्हणून पसरून लावू नका.

दुसरी गुलाबी कुंडी मात्र उपसू नका. उपसून लावलेले कंद पहिल्या वर्षी रुसतात, दोन्ही कुंड्या एकदम उपसल्या तर यंदा फुलं विसरा. तिचं पाणी आजपासून तीन-चार आठवडे पूर्ण बंद. पानं लोळतील, पिवळी पडतील, पडू द्या. हिरवी पानं कापायची नाहीत, त्यांच्याच जिवावर कंद भरतो. पूर्ण पिवळं झालेलं पान हाताने ओढलं की सुटतं.

एक सांभाळा. पश्चिमेच्या उन्हात मेमध्ये प्लॅस्टिकची कुंडी भट्टीसारखी तापते आणि कडेचे कंद शिजतात. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा किंवा दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा.

कांदाफूल:
वरचं सगळं गुलाबीसाठी बरोबर आहे, पण पांढरीला तसा कडक ताण देऊ नका. पांढरी म्हणजे कँडिडा. तिचं मूळ अर्जेंटिना-उरुग्वेकडच्या नदीकाठच्या ओल्या जमिनीत. पान गोलसर, हुबेहूब पातीसारखं, आणि ते बारमाही हिरवं राहतं. महिनाभर पाणी तोडलंत तर पानं जातात आणि कंद बारीक होतो. माती वरून २-३ सेंमी सुकली की पाणी द्यायचं, एवढंच.

शिवाय हिचा हंगाम उशिराचा. श्रावणात सुरू होते ते दसऱ्यापर्यंत, त्यामुळे जूनमध्ये फूल नाही म्हणून खत वाढवायची चूक करू नका. तुमच्याकडे फुलं अडलीत ती स्लरीने. स्लरी तिन्ही कुंड्यांची बंद करा. जूनच्या सुरुवातीला मूठभर गांडूळखत आणि एक चमचा हाडांचा चुरा वरच्या मातीत कालवला की पावसाळाभर पुरतं. सप्टेंबरात एकदाच ०:०:५० (पाण्यात विरघळणारं पोटॅशचं खत), लिटरला २ ग्रॅम, पुढच्या वर्षीचा कंद भरायला.

गॅलरीतली बाग:
दोघांचेही आभार. फूल मोठं आहे, म्हणजे कॅरिनाटा दिसतेय. ताण संपला हे कसं ठरवायचं? आणि जुलैत आठवडाभर झड लागते तेव्हा काय करायचं?

मृगबहार:
वळीव आला तर तोच मुहूर्त, कुंडी सरळ पावसात ठेवा. नाही आला तर मृग लागला की घमेल्यात पाणी घेऊन कुंडी निम्मी बुडवा. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास राहू द्या, मग काढून निथळू द्या. वरून तांब्याभर पाणी ओतून भागत नाही. सुकलेली माती कडेने पाणी सोडून देते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर ते वापरा, नळाच्या पाण्यानेही फुलतं.

झड लागली की कुंडी पत्र्याखाली किंवा भिंतीच्या आडोशाला आणा आणि १०-१५ दिवस पाणी देऊ नका. उघडीप मिळाली की पुन्हा भिजवा. असं करून एका मोसमात तीन-चार वेळा बहर घेता येतो. एक फूल दोन-तीन दिवसच टिकतं, पण दांडे मागेपुढे येतात, म्हणून आठवडाभर कुंडी भरलेली दिसते. मुंबई-कोकणात ही उघडीप मिळतच नाही, तिथे आडोसा हाच उपाय. पावसाळाभर ताटल्या काढून ठेवा.

पानफुटी:
एक गोष्ट राहिली, अळी. पावसाळ्यात काळी, पांढऱ्या ठिपक्यांची, नारिंगी डागांची अळी येते. लिलीवर्गातल्या झाडांवरच पडते आणि एका रात्रीत पानं फस्त करते. मग दांड्यातून खाली शिरून कंद पोखरते. पानाच्या मागे अंड्यांचा पुंजका दिसला तर ते पान तोडून साबणाच्या पाण्यात टाका. मोठ्या अळ्या हाताने वेचा, त्यांच्यावर फवारणी फारशी चालत नाही. लहान असताना लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली द्रवरूप साबण, दर सात दिवसांनी, तेही संध्याकाळी. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. कोष मातीत जातो, म्हणून अळ्या वेचून झाल्या की वरची दोन बोटं माती खुरप्याने हलवा.

आणि पांढरीची कुंडी कांदा-लसणाच्या पातीच्या कुंड्यांजवळ ठेवू नका, पात समजून चुकून खुडली जाईल. कंदात लायकोरीन नावाचं विषारी द्रव्य असतं, पोटात गेलं तर उलट्या होतात. घरात लहान मूल, मांजर किंवा कुत्रं असेल तर उपसलेले कंद वाळत घालतानाही उंचावर ठेवा.

कांदाफूल:
बियांचंही सांगते. तीन कप्प्यांची बोंडी पिवळी पडून उकलू लागली की आतल्या काळ्या चपट्या बिया लगेच पेरा. ठेवून दिल्या की उगवण झपाट्याने घटते. वर फक्त अर्धा सेंमी माती. फूल यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. पिवळी सिट्रिना बी भरपूर धरते, तिच्यावर हात बसवा. दुहेरी पाकळ्यांच्या संकरित जाती मात्र पिल्लांपासूनच वाढवा, बियांतून तेच फूल येईल याचा भरवसा नाही.