मदत हवी: १८४७ जातीच्या बासमती धानाचं बी सुट्टं मिळतंय, घेऊ का?

नमस्कार मंडळी, आम्ही ग्वाल्हेरचे, शेती डबऱ्याकडे, १४ बीघे, खरिपात धानच. बाबांचे गुडघे गेले म्हणून मागच्या वर्षीपासून सगळं मी बघते आणि पहिल्याच वर्षी बियाण्यात फसले. १५०९ या बासमती जातीचं म्हणून दुकानातून बी आणलं, रोप छान आलं, लावणी झाली, तोवर काही कळलंच नाही. लोंब्या बाहेर पडल्यावर दिसलं की मधेमधे काही ठोंब वीतभर उंच, आणि बाकीचं शेत पिवळं पडलं तरी ते हिरवेच. आता कापणी काय दोनदा करणार का, एकदमच केली. मंडीत व्यापाऱ्याने मूठभर धान तळहातावर पसरलं, कच्चे हिरवे दाणे बोटाने एका बाजूला सारले आणि भाव पाडला. मी तिथेच उभी होते, तोंडातून शब्द फुटेना.

यंदा सगळे म्हणतायत १८४७ लाव, १५०९ सारखंच आहे पण करपा रोग कमी येतो. ओळखीतला एक जण हरियाणाचं म्हणून सुट्टं बी देतोय, टॅग नाही. घरचं बी आहे पण ते भेसळीचं. नुसतं दाणे बघून जात ओळखता येते का? प्लीज लवकर सांगा, रोप टाकायचे दिवस आलेत.

प्रतिसाद:
ताई, दाण्यावरून नाही कळत, भल्याभल्यांना नाही. तुमचे उंच ठोंब बहुतेक ११२१ या दुसऱ्या बासमती जातीचे असतील, १५०९ साधारण १२० दिवसांत येतं, ११२१ ला त्यावर तीनेक आठवडे लागतात. १८४७ खरंच चांगलं आहे, दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने २०२१ मधे काढलं, करपा आणि जिवाणू करपा दोन्हीला दाद देत नाही, पण बी खरं असेल तर ना. पोत्याला शिवलेला टॅग बघा, सर्टिफाइडचा निळा, फाउंडेशनचा (ज्यापासून सर्टिफाइड बी तयार करतात त्याचा) पांढरा. हिरवं लेबल म्हणजे कंपनी स्वतःच हमी देते, तपासणी सरकारी नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा, ८० तरी उगवले पाहिजेत, पण उगवण चांगली म्हणजे जात खरी असं समजू नका हं. एकरी ५-६ किलोच लागतं, तर टॅगवालं थोडंच आणा, दोन बीघ्यांत वेगळं लावा, लोंब्या निघाल्या की वेगळे दिसणारे ठोंब उपटून टाका आणि पुढच्या वर्षीचं बी तिथूनच धरा. हे हायब्रीड नाही, घरचं बी चालतं, पीक वाण आणि शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला तो हक्कच आहे.

धागाकर्ती:
दादा खूप आभार. दोन बीघ्यांचं पटलं, बाबाही हो म्हणाले. एक राहिलं, इथला दुकानदार पावतीवर नुसतं ‘धान बीज’ लिहितो, ते चालतं का?

प्रतिसाद:
अजिबात नाही. जात आणि लॉट नंबर लिहून घ्या, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तेवढंच हातात असतं. लिहून देत नसेल तर पोतं तिथेच सोडून या.