डॉमिनिका बेटावर मुलांसोबत: अनुभव धागा

मुलांना घेऊन डॉमिनिकाला (डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे; ग्वाडेलूप आणि मार्टिनिकच्या मधलं, साधारण ७५० चौ. किमीचं डोंगराळ बेट) जाऊन आलेल्यांनी इथे लिहावं. 'मस्त आहे' एवढंच नको, नेमकं काय करायचं आणि कुठे फसतं ते सांगा.

*

विमानतळ ईशान्येला, राजधानी रोझो नैऋत्येला. मध्ये डोंगर, त्यामुळे तासाहून जास्त वेळ नुसती वळणं. पोटभर जेवल्यावर मुलांना गाडीत बसवू नका. कोरडी बिस्किटं द्या, नजर बाहेर ठेवायला सांगा, मोबाइल काढून घ्या. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. चाइल्ड सीट गाडी बुक करतानाच मागून ठेवा. आणि दिवसाला एकच ठिकाण धरा, दोन धरली की दुसऱ्याला मुलं झोपलेली असतात.

*

लहानांसाठी एमराल्ड पूल (जंगलातल्या धबधब्याखालचा डोह) सर्वांत सोपा: चाल थोडी, वाट बांधलेली. पाणी मात्र गार आणि दगड शेवाळलेले. साध्या चपला हमखास घसरतात, मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. क्रूझ जहाज बंदरात असेल त्या दिवशी सकाळी लवकर जा. टिटू गॉर्जमध्ये (पोहत आत जायची अरुंद घळ) आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो. पाणी गढुळलं किंवा पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या की त्याच क्षणी बाहेर. यात अजिबात तडजोड नको.

*

वॉटन वेवनच्या गरम कुंडांवर जाण्याआधी मुलांचे वाळे, पैंजण, चांदीची साखळी काढून ठेवा. गंधकाच्या वाफेने चांदी काळी पडते. (पडलीच तर घरी आल्यावर रांगोळीने घासा, निघते.) प्रत्येक कुंडाचं तापमान वेगळं असतं, आधी मोठ्यांनी हात घालून बघावा. लहानांना पाच-दहा मिनिटं पुरे, मग पाणी पाजा.

*

शाकाहाऱ्यांसाठी: कॅललू म्हणजे अळूच्या पानांचं दाट सूप, आपल्या फदफद्याच्या जवळचं. पण त्यात बहुधा खेकडा किंवा मांस असतं, विचारूनच घ्या. भाजलेला नीरफणस मुलं आवडीने खातात. १ अमेरिकी डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर, हा दर बांधलेला आहे; भाव कुठल्या डॉलरात सांगितलाय ते आधी विचारा.

*

बॉइलिंग लेक (डोंगरातलं उकळत्या पाण्याचं तळं) लहान मुलांसोबत नकोच, पायी जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. त्याऐवजी पोर्ट्समथची इंडियन रिव्हर: वल्ह्याची होडी, इंजिनाला बंदी, दोन्ही काठांवर पाण्यात उतरलेली झाडांची रुंद मुळं. डासांचं मलम होडीत बसण्याआधीच लावा.