जवारीला इटालियनमध्येही जवारीच म्हणावे का?

नौपाडेकर (ठाणे):
मिरजेच्या एका कारागिरासाठी तानपुऱ्याच्या देखभालीची पुस्तिका मी सध्या इटालियनमध्ये उतरवते आहे. भोपळा, खुंटी, तार यांनी फारसा त्रास दिला नाही. तारा ज्यावरून जातात त्या घोडीलाही ‘पोन्तिचेल्लो’, म्हणजे छोटा पूल, हा व्हायोलिनवाल्यांचा रोजचा शब्द मिळाला. जवारीपाशी मात्र मी अडले, आणि तिचे भाषांतर करूच नये या मतावर आले आहे. घोडीचा किंचित उतरता घासलेला माथा, तो घासण्याचे काम आणि त्यावर तार निसटती टेकल्याने उमटणारा झंकार, हे सारे आपण जवारी याच नावाने ओळखतो. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य जाते तिथे त्याचा शब्दही जाऊ द्यावा. पियानो हे नाव आपण इटलीकडून जसेच्या तसे घेतलेच ना?

नेरूळकर:
ताई, पियानोचा दाखला पटत नाही. ज्याच्यासमोर तानपुरा आहे आणि तार मुकी वाजते आहे, त्याला ‘जवारी तपासावी’ एवढ्याने काय कळणार? हार्मोनियमची आपण पेटी केली आणि लोहाराचा भाता तिला जोडला. इटालियन ‘मान्तिचे’ हा शब्दही लोहाराकडे आणि ॲकॉर्डियनमध्ये असाच दोन्हीकडे चालतो. शिवाय चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोऱ्याच्या घोडीचे विवेचन शंभर वर्षांपूर्वी इंग्रजीत केलेच होते. तेव्हा ‘घोडीचा वक्र माथा’ असे सरळ लिहावे.

नौपाडेकर:
सरळ लिहिण्यातही फसगत होते. तारेखाली सरकवायच्या सुती दोऱ्याला जीवा म्हणतात, म्हणून पहिल्या मसुद्यात मी मोठ्या हौसेने ‘आनिमा’, म्हणजे आत्मा, असे लिहिले होते. पण इटालियन वादकाच्या लेखी आनिमा ही व्हायोलिनच्या पोटात दोन फळ्यांमध्ये उभी केलेली लाकडी काडी असते. बिचाऱ्याने भोपळ्यात बॅटरी मारून ती शोधली असती!

वाशीचा तबलजी:
आमच्या शाईची, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलाची, गतही तीच. कोशात पाहून कोणी ‘इनकिओस्त्रो’ लिहिले, तर दौतीतली शाई पुडीवर, म्हणजे तबल्याच्या चामड्यावर, सांडेल. लोहचूर्ण घातलेल्या लगद्याचे थरावर थर घोटून ती बसवतात, हे त्या शब्दात कुठे येते? जवारी ठेवावी, या मताचा मी आहे. जीवेबाबत मात्र ताईंनी हट्ट धरू नये. तो दोरा आहे, दोराच लिहावा.

नेरूळकर:
शब्द ठेवा, पण त्याला एकटा सोडू नका. ‘जवारी जुळवा’ असे लिहून न थांबता, दोरा घोडीवर केसभर पुढे-मागे सरकवावा आणि झंकार फुलेल तिथे थांबावे, हे प्रत्येक वेळी लिहा. आणि माथ्याला स्वतः कानस लावू नये, ही सूचना तरी कृपया शुद्ध इटालियनमध्ये द्या.