इलेक्ट्रिक मोटारींच्या कंपन्यांना करदात्याने किती काळ पोसायचं?

हिशेबनीस
इलेक्ट्रिक मोटारी हव्यात, याबद्दल वाद नाही. त्या बनवणाऱ्या कंपन्यांना सरकारी तिजोरीतून ज्या पद्धतीने मदत मिळते, तिला माझा विरोध आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१० मध्ये टेस्लाला ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्याच योजनेतून फिस्करला ५२.९ कोटी मंजूर केले. फिस्कर बुडाली आणि सुमारे १३.९ कोटी सरकारच्या अंगावर पडले. टेस्ला तरली. करारानुसार सरकारला ठरलेल्या भावाने टेस्लाचे सुमारे ३० लाख शेअर घेता आले असते, पण कर्ज लवकर फेडलं तर तो हक्क रद्द होणार होता. कंपनीने मे २०१३ मध्ये, मुदतीच्या नऊ वर्षं आधी, सगळं कर्ज फेडलं आणि हक्क गेला. म्हणजे बुडालं तर करदात्याचं, तरलं तर भागधारकांचं. हा कुठला न्याय?

रानवाट
कर्ज व्याजासकट परत आलं, त्याला खिरापत म्हणू नका. आणि नफ्यात वाटा मिळावा म्हणून ती योजना नव्हतीच. बँका हात लावायला तयार नव्हत्या तेव्हा कारखाने उभे राहावेत, एवढाच हेतू होता. त्याच योजनेतून फोर्डलाही ५.९ अब्ज डॉलर मिळाले, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मुख्य मुद्दा बॅटरीचा आहे. २०१० च्या सुमारास एका किलोवॉट-तासाच्या बॅटरीला हजार डॉलरच्या वर पडायचे, २०२४ मध्ये सरासरी ११५ वर आले. गाड्या मोठ्या संख्येने बनल्याशिवाय हे झालं नसतं, आणि महाग होत्या तेव्हा त्या कुणीतरी घ्यायलाच हव्या होत्या. धूर सोडणारी गाडी इतरांच्या फुप्फुसांचा खर्च भरत नाही, तीही एक सवलतच की!

हिशेबनीस
मग धुरावर कर लावा, कंपनीच्या हातात पैसे कशाला? चीनमध्ये २०१६ साली अर्थ मंत्रालयाच्याच तपासणीत उघड झालं की काही कंपन्यांनी न बनवलेल्या बसगाड्यांवर अनुदान उचललं होतं. पैसा समोर दिसला की कागदावरही गाड्या धावतात.

निळीशाई
तुम्ही दोघं एक गोष्ट विसरताय. सूट गिऱ्हाइकाच्या नावाने असली तरी ती कुणाच्या खिशात जाते? अमेरिकेत ७,५०० डॉलरची करसवलत होती, पण एका कंपनीच्या २ लाख गाड्या विकल्या गेल्या की ती टप्प्याटप्प्याने संपायची. जानेवारी २०१९ मध्ये टेस्लाच्या गाड्यांवरची सवलत निम्मी झाली आणि कंपनीने लगेच दर २,००० डॉलरने उतरवले. म्हणजे तोवर सवलतीतला थोडा तरी हिस्सा कंपनीच्याच गल्ल्यात जात होता. शिवाय आधी धाडस करणाऱ्याची सवलत आधी संपली आणि मागून आलेल्यांची चालू राहिली, हेही माझ्या मते चूकच.

रानवाट
थोडा हिस्सा जात होता, मान्य. म्हणून सगळं एका फटक्यात बंद करायचं का? जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये शनिवारी जाहीर केलं की खरेदी-अनुदानाचे अर्ज उद्यापर्यंतच घेऊ. पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री २७ टक्क्यांनी घसरली. ज्यांनी गाडी नोंदवली होती पण ताब्यात मिळाली नव्हती, ते लोंबकळत राहिले. हे मला कुठल्याही अनुदानापेक्षा वाईट वाटतं. कंपनी कारखान्याचा विचार दहा वर्षांचा करते, सरकारने एका रात्रीत शब्द फिरवू नये.

हिशेबनीस
एका रात्रीत फिरवू नये, कबूल. म्हणूनच संपायची तारीख पहिल्या दिवशी कायद्यात लिहा. नॉर्वेकडे पाहा. मोटारींचा मोठा कारखाना नाही, म्हणून कंपन्यांना पोसायचा प्रश्नच नव्हता. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर जबर खरेदी-कर ठेवला, इलेक्ट्रिकला माफ केला. २०२३ मध्ये मूल्यवर्धित कराची माफीही ५ लाख क्रोनरपर्यंतच ठेवली, म्हणजे महागड्या गाडीवाल्याला वरच्या रकमेवर कर भरावा लागला. २०२४ मध्ये विकलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या.

निळीशाई
करमाफी म्हणजेही तिजोरीत न आलेला पैसा. नॉर्वेच्या पाठीशी तेलाची कमाई आहे, म्हणून तो खड्डा झेपला. ज्या देशाकडे ती नाही, त्याने आधी कुठल्या खर्चाला कात्री लावायची, ते सांगा.

हिशेबनीस
कात्री नको. धुरावरच्या करातून जेवढं येईल, तेवढीच सूट द्यायची. आणि कंपनीला कर्ज द्यायचंच असेल, तर शेअरचा हक्क कर्ज फिटल्यावरही कायम राहील असं करारात लिहून घ्या. ते कलम मान्य नसेल, तिने बाजारातून पैसे उभे करावेत.