दोन फुटी टाकी, तीन गोल्डफिश: फिल्टर कोणता घ्यावा?

तळ्यात_मळ्यात

नमस्कार मंडळी. लेकीच्या वाढदिवसाला फिशटँक आणला, त्याला आता तीन महिने होतील. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. आत तीन गोल्डफिश. म्हणजे सध्या तीन, आजवर आणले नऊ. लेकीने माशांना नावं देणं आता बंद केलंय.

दुकानदाराने टाकीसोबत पाण्यात बुडणारी मोटर दिली होती, काळ्या डबीत स्पंज असतो ती. स्वच्छतेत मी कुठे कमी पडत नाही. चार-पाच दिवसांनी मासे बादलीत काढतो, टाकी पूर्ण रिकामी करतो, खडे घासतो, स्पंज नळाखाली धरून नितळ पाणी येईपर्यंत पिळतो. तरी दोन दिवसांत पाणी दुधाळ. तिसऱ्या दिवशी एखादा मासा वर येऊन हवा गिळायला लागतो, आणि मग तो काही राहत नाही.

दुकानदार म्हणतो फिल्टर कमी पडतोय, कॅनिस्टर घ्या, म्हणजे झाकणबंद डब्याचा फिल्टर. सात हजार सांगतोय. वर निळं औषध आणि एक 'टँक क्लीनर' मासाही घ्या म्हणतो. आमचं तालुक्याचं गाव, सोलापूर जिल्हा. लाइट दिवसातून एकदा तरी दोन-तीन तास जाते. दोन हजारांच्या आत बसेल असा कोणता फिल्टर घेऊ?

जुना_गप्पीवाला

सात हजार खिशातच राहू द्या. सविस्तर कुणीतरी लिहीलच, मी बसमध्ये आहे.

पाणकोंबडी

दादा, आधी एक सांगा. तुमच्याकडे नळाला पाणी रोज येतं का? आणि टाकी धुवायचा दिवस कसा ठरतो?

तळ्यात_मळ्यात

रोज कुठलं ताई, चार-पाच दिवसांनी येतं. पाणी आलं की त्याच दिवशी टाकी धुतो, नळी लावून थेट भरतो. माशांना शिळं पाणी कशाला, म्हणून.

पाणकोंबडी

वाटलंच मला. तुमच्या माशांना ते शिळं पाणीच हवं होतं.

मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले भाजून काढतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त त्या स्पंजमध्ये चिकटून राहतात. स्पंजवरची तपकिरी बुळबुळीत घाण तुम्ही घासून काढता ना, तुमचा खरा फिल्टर ती आहे. काळी डबी म्हणजे नुसतं भांडं.

दह्याचं भांडं विरजणासकट घासून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दूध ओतलं तर दही लागेल का? तुम्ही चार दिवसांनी विरजण धुवून टाकताय. त्यातून नळाला नुकतंच आलेलं पाणी, म्हणजे क्लोरीन ताजं. जो काही जिवाणू खड्यांच्या फटीत वाचला असेल तोही गेला. नव्या टाकीत हे विरजण नीट लागायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टाकीला तीन महिन्यांत ते एकदाही मिळालेले नाहीत. रोज नवी टाकी, रोज नवा पाडवा.

आता फिल्टर. तुमची टाकी दोन घनफूट, एक घनफूट म्हणजे २८ लिटरच्या आसपास, म्हणजे ५६ लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ४८-५० लिटर धरा. साध्या माशांना फिल्टरने तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवलं तरी भागतं. गोल्डफिश मात्र गाईगत खातो आणि गाईगतच शेण टाकतो, त्याला आठ-दहा पट लागतं. म्हणजे तासाला ४०० ते ५०० लिटर. खोक्यावरचा आकडा रिकाम्या मोटरचा असतो. स्पंज भरला, त्यात गाळ बसला की पाणी बरंच कमी येतं, तेव्हा घेताना थोडा वरचा आकडा बघायचा.

तुम्हाला मी दोन स्पंजांचा हवेवर चालणारा फिल्टर सुचवेन. काचेला चिकटतो, मधे नळी, दोन बाजूंना दोन स्पंज. मी मागच्या वर्षी अडीचशेला घेतला होता. जोडीला हवेची मोटर. आणि हातात आहे ती बुडणारी मोटर फेकू नका, दोन्ही चालवा. मोटर गाळ ओढेल, स्पंज विरजण सांभाळतील.

ठाणे_पश्चिम

स्पंज फिल्टर स्वस्त आणि मस्त, मान्य. पण हॉलमधल्या टाकीत ते काळे दोन दंडगोल बघवत नाहीत हो. शिवाय गोल्डफिशची विष्ठा लांब दोऱ्यासारखी, स्पंज ती ओढत नाही, तळाशी लोळत राहते. माझं मत मागच्या काचेला टांगायच्या फिल्टरला, हँग ऑन म्हणतात तो. मागच्या कप्प्यात पांढरा कापूस, स्पंज, सिरॅमिक रिंगा (जिवाणूंना चिकटून राहायला छोट्या कड्या) हवं ते भरा. सफाईला टाकीत हात घालावा लागत नाही. फक्त त्याच्याबरोबर येणारं तयार कार्ट्रिज 'दर महिन्याला बदला' असं लिहिलेलं असतं, त्याला फसू नका. कार्ट्रिज बदललं की विरजण कचऱ्यात.

कार्ट्रिजच्या आतला कोळसा पाण्याचा वास आणि पिवळेपणा घेतो, तीन-चार आठवड्यांत त्याचा दम संपतो. नसला तरी काही बिघडत नाही. माशांना औषध देणार असाल तर कोळसा काढलाच पाहिजे, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो.

पाणकोंबडी

तळाशी लोळते हे खरं. म्हणूनच मोटर ठेवा म्हटलं. आणि दादा, निळं औषध टाकू नका. ते बुरशीवर आहे, अमोनियावर नाही, शिवाय विरजणाचंही नुकसान करतं.

इन्व्हर्टरग्रस्त

लाइटचा मुद्दा कुणी घेतलाच नाही. मी परभणीकडचा, अनुभवाने बोलतो.

कॅनिस्टर म्हणजे झाकणबंद डबा. लाइट गेली की आतलं पाणी थांबतं, आतले जिवाणू उरलेला ऑक्सिजन संपवतात आणि काही तासांनी मरायला लागतात. लाइट आली की ते सडकं पाणी थेट टाकीत. माझ्याकडे एकदा रात्रभर लाइट नव्हती. सकाळी सहाला मोटर आपोआप सुरू झाली आणि चहा होईपर्यंत घरभर अंड्याचा वास. दोन एंजल मासे गेले. तेव्हापासून जास्त वेळ लाइट गेली की आधी पिन काढतो, डबा उघडून टाकीच्याच पाण्यात विसळतो, मगच चालू. तुमच्याकडे रोज दोन-तीन तास जाते, तुम्हाला हा उपद्व्याप हवाय का? स्पंज उघड्या पाण्यात असतो, तो जास्त तग धरतो.

हवेची बॅटरीवाली मोटर मिळते, लाइट गेली की स्वतःहून सुरू होणारी. ती घ्या. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर पाण्याच्या मोटरा गुणगुणतात आणि तापतात. विजेचं म्हणाल तर ५ वॅटची हवेची मोटर चोवीस तास चालली तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. २० वॅटची पाण्याची मोटर १४-१५ युनिट. फार नाही. पण रात्री आवाज येतो म्हणून बंद करणारे आहेत, त्यांनी तेवढं करू नये.

न्यू_जर्सीचा_बंड्या

पाण्याबद्दल एक. ड्रममध्ये २४ तास उघडं ठेवलं, मधूनमधून ढवळलं की क्लोरीन उडून जातं. आमच्याकडे अमेरिकेत बऱ्याच शहरांत क्लोरामाइन घालतात, ते असं ठेवून जात नाही, थेंब घालावेच लागतात. तुमच्याकडे कुणाला शंका असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब घातलेले बरे. सोडियम थायोसल्फेट असतं त्यात, महाग नाही. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, पण ते बहुतेक जड आणि पीएच चढा, म्हणजे पाणी अल्कलीकडे झुकलेलं. चढ्या पीएचला आणि उन्हाळ्यातल्या गरम पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

तळ्यात_मळ्यात

वाचून डोकं गरगरलं, पण कळलं. आता धुवायचं नाही की कसं धुवायचं? मला घाण बघवत नाही हो.

पाणकोंबडी

धुवायचं, पण गाळ काढण्यापुरतं. आठवड्यातून एकदा टाकीतलं पाव हिस्सा पाणी नळीने बादलीत काढा, नळीचं तोंड खड्यांवरून फिरवत, म्हणजे तळाची घाण येईल. त्याच बादलीत एक स्पंज बुडवून तीन-चारदा पिळा. चहाच्या गाळासारखं पाणी निघेल, तेवढं पुरे. मूळ रंग दिसेपर्यंत पिळायचं नाही. दुसरा स्पंज पुढच्या खेपेला. दोन्ही एकाच दिवशी नाही आणि ज्या दिवशी खडे हलवले त्या दिवशी तर नाहीच. साबण कुठेच लावायचा नाही. नंतर ड्रममधलं पाणी भरा, हाताला टाकीइतकंच कोमट किंवा गार लागेल असं.

बुडणाऱ्या मोटरची पंख्याची डबी महिन्यातून एकदा उघडा. आत चुंबकावर बसवलेला पंखा असतो, तो हळूच ओढून काढायचा. जुन्या टूथब्रशने त्याच्यावरची आणि खाचेतली बुळबुळ काढा. पांढरा खार बसला असेल तर व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून स्वच्छ धुवा. हा भाग खुशाल नळाखाली धुतलात तरी चालेल. मोटर घरघरते ती बहुतेक या खारामुळे किंवा आत अडकलेल्या गोगलगायीमुळे. नवी घ्यायच्या आधी हे बघा. आणि हात घालण्याआधी पिन काढा, दर वेळी.

सध्याच्या तीन माशांसाठी: पहिले काही आठवडे दिवसाआड पाव टाकी पाणी बदला, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, तेही एकदा. अमोनिया तपासायचे थेंब मिळाले तर घ्या. आणि ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिचा वापरलेला स्पंज किंवा मूठभर रिंगा मागून आणा. ओल्याच आणायच्या, टाकीच्याच पाण्यात. शेजारून विरजण आणतो तसं.

जुना_गप्पीवाला

उतरलो बसमधून. ताईंनी सगळं लिहिलं, मला काम उरलं नाही. दोनच गोष्टी. ५० लिटरमध्ये तीन गोल्डफिश मोठे झाले की दाटी होणार. आता चौथा आणू नका, आणि वर्षभरात मोठ्या टाकीचा विचार करा. दुसरं, तो 'टँक क्लीनर'. सकर मासा तो. फूटभर वाढतो, स्वतःच इतकी घाण करतो की त्याच्यासाठी वेगळा फिल्टर लागेल. कंटाळून लोक तळ्यात सोडतात, म्हणून आज देशभरच्या नद्या-तळ्यांत तो मुळं धरून बसलाय. घेऊ नका, घेतलात तर सोडू नका.

तळ्यात_मळ्यात

सहा आठवड्यांनी परत आलोय. दोन स्पंजांचा फिल्टर आणि बॅटरीवाली हवेची मोटर, दोन्ही मिळून साडेबाराशेत बसलं. नवा स्पंज पहिल्या दिवशी सारखा वर तरंगत होता. शेवटी पाण्याखाली धरून पिळला, आतली हवा फसफसून निघाली तेव्हा बसला. गावातल्या एका डॉक्टरांकडे जुनी टाकी आहे, त्यांच्याकडून डब्यातून मूठभर रिंगा आणल्या आणि जाळीत बांधून फिल्टरशेजारी ठेवल्या. मधे आठवडाभर पाणी दुधाळ झालं होतं. हात शिवशिवत होते, पण धुतलं नाही. आता अमोनियाच्या थेंबांना पिवळाच रंग येतो, खोक्यावरच्या पट्टीप्रमाणे शून्य. तिन्ही मासे आहेत. लेकीने परवा एकाला नाव दिलं, भोपळा.

एकच तक्रार. काल लाइट गेली होती, सकाळी बघतो तर टेबलाखाली पाण्याचं थारोळं आणि टाकी दोन इंच खाली. फिल्टर गळतो का?

इन्व्हर्टरग्रस्त

हवेची मोटर टेबलाखाली ठेवली आहे का?

तळ्यात_मळ्यात

हो. दिसू नये म्हणून.

इन्व्हर्टरग्रस्त

बॅटरी संपली असणार. हवा थांबली की पाणी नळीतून उलटं उतरतं. मोटर टाकीच्या पाण्यापेक्षा वर ठेवा, फळीवर किंवा खिळ्याला. नाहीतर नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह टाका, वीस-तीस रुपयांचा असतो. बाण टाकीकडे. मोटर सुकवल्याशिवाय पिन लावू नका.